पंच्याण्णवची पाचखडक

पुंजाजीअण्णांनी पेला नाकाशी नेला, एक घोट तोंडात घोळवला आणि पिकदाणीत थुंकून टाकला. एरवी थुंकून झाल्यावर ते डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत आणि दुसरा घोटही घेतला नाही. उपरण्यानं तोंड पुसून सरळ म्हणाले, "ही वाइन नासली. कोणी पिऊ नका."

तळघरात चाळीसेक माणसं होती. सगळ्यांच्या हातांत भरलेले पेले आणि सगळे अण्णांच्या मानेकडे डोळे लावून उभे. आमच्या वायनरीचा रिवाजच तसा होता. पहिला घोट अण्णांनी घ्यायचा, आणि त्यांची मान हलल्याशिवाय कोणी पेला ओठाला लावायचा नाही. मग पाहुणा मंत्री असो की मालकाचा सासरा. थोरले मालक भाऊसाहेब मोगल यांनी हा रिवाज घालून दिला होता. ते गेल्यावर त्यांच्या मुलानं, रणधीरभाऊंनी, तो मोडला नव्हता. त्यात श्रद्धाबिद्धा काही नव्हती. पाहुण्यांना त्याची मौज वाटे आणि फोटो छान येत, एवढंच.

"अण्णा गंमत करतात कधी कधी," रणधीरभाऊ हसत म्हणाले.

"गंमत नाही भाऊ. ओल्या पोत्याचा वास मारती. दुसरी बाटली काढा."

दुसरी काढली. अण्णांनी नुसती हुंगली. "हिचंबी तेच." तिसरी काढली. "हिचंबी."

मी टेबलाच्या टोकाला उभी होते. मी तिथली केमिस्ट, नीलाक्षी बर्वे. आठ वर्षं सांगलीकडच्या एका दूध डेअरीच्या लॅबमध्ये काढून दोन वर्षांपूर्वी दिंडोरीकडच्या या वायनरीत आले होते. मला किळस फार. दुसऱ्याच्या ताटातलं नको, बाहेरचं पाणी नको, कोणी शिंकलं तरी मी दोन हात लांब. हा माझा मोठाच गुण आहे, असं मी चाळिशीपर्यंत समजत होते.

अण्णा म्हणजे पुंजाजी गांगुर्डे. शिकलेले सहावी. पंचवीस वर्षांपूर्वी भाऊसाहेबांनी द्राक्षाची वाइन करायची टूम काढली तेव्हा अख्ख्या तालुक्यानं त्यांना वेड्यात काढलं होतं. टेकडीच्या उतारावर एक भिकार तुकडा होता, मधोमध पाच काळे खडक, कुसळाशिवाय काही उगवायचं नाही. त्या पाचखडकात वेली लावल्या त्या अण्णांनी. फ्रान्सहून आलेल्या तज्ज्ञाच्या मागे मागे फिरून वाइन कशी चाखायची ते शिकले तेही अण्णाच. पाचखडकच्या द्राक्षांत दुसऱ्या शेताचा एक मणी पडू द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्या वाइनचा गुण असा, की ताजी असताना ती तुरट, अगदी तोंड वेंगाडायला लावणारी. पण दहा-बारा वर्षं अंधारात पडून राहिली की तिचं सोनं व्हायचं. प्रत्येक बाटलीच्या लेबलावर त्यांची सही छापलेली असे, "पुंजाजी", लहान मुलाच्या अक्षरासारखी. गंमत म्हणजे या माणसाच्या पोटात वाइनचा थेंबही कधी गेला नव्हता. आईला शब्द दिला होता म्हणे. तोंडात घ्यायची, कळून घ्यायची, थुंकायची.

तर त्या दिवशी वायनरीचा रौप्यमहोत्सव होता, आणि चौदा वर्षं झोपवून ठेवलेली पंच्याण्णव सालची पाचखडक पाहुण्यांसाठी पहिल्यांदा उघडत होती. आठशे बाटल्या. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलचे साहेब त्यासाठीच आले होते. इंग्रजी मासिकात वाइनवर लिहिणारे कोणी चौबळ आले होते. आणि अण्णा म्हणत होते, पिऊ नका.

चौबळांनी रिवाज मोडून पेल्यात नाक घातलं. बराच वेळ ते नाक बाहेर आलं नाही. आलं तेव्हा त्यावर ज्ञानाचा प्रकाश पसरला होता.

"नासली कुठं?" ते म्हणाले. "जुन्या वाइनला असा रानाचा वास असतोच. ओली माती, पालापाचोळा. यालाच तर वय म्हणतात."

झालं. एकानं मेंढरासारखी उडी मारली की बाकीच्यांना किती वेळ लागतो? एक बाई म्हणाल्या, मला तर अळंबीचा वास येतोय. दुसऱ्या म्हणाल्या, जुन्या ग्रंथालयात गेल्यासारखं वाटतंय. दिल्लीचे साहेब काही बोलले नाहीत, पण बोललेल्यांपेक्षा त्यांची मान जास्त डोलत होती. मघाशी अण्णा "नासली" म्हणाले तेव्हा याच सगळ्यांनी पेले हुंगून नाकं मुरडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मला त्या माणसांची अशी शिसारी आली की काय सांगू.

"साहेब," अण्णा चौबळांना म्हणाले, "भुईमुगाची पोती पावसात भिजून कोपऱ्यात राहिली म्हंजी असा वास येतो. वयाचा न्हाई हा. कुजल्याचा हाये."

"अण्णांचंही आता वय झालं," रणधीरभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पंचवीस वर्षं नाकानं नोकरी केली. त्यालाही पेन्शन नको का?"

लोक हसले. अण्णांच्या तोंडावर हसले. सहीवाली बाटली त्यांच्यासमोर टेबलावर होती, आणि सही ज्याची तो माणूस त्या हसण्यात मान खाली घालून उभा होता.

"थांबा," रणधीरभाऊंनी हात वर केला. "आपल्याकडे नुसत्या नाकावर काम चालत नाही. बर्वे मॅडम एमएस्सी आहेत. मॅडम, तुम्ही सांगा."

अण्णांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. कारण माझ्या नाकावर त्यांचा फार भरवसा. "बर्वेबाईंचं नाक म्हंजी मुंगीचं नाक," असं ते सगळ्यांना सांगत. "माझ्या मागं तळघर हिच्याच हाती द्या."

मी पेला उचलला.

वास काय वर्णावा! बाथरूमच्या दाराआड महिनाभर ओलं राहिलेलं फडकं. बुरशी धरलेला पुठ्ठा. मुंगीच्या नाकाची गरजच नव्हती, पडसं झालेल्या माणसालाही कळलं असतं. आणि त्या वासाबरोबर मला एक गोष्ट लख्ख आठवली. ती कोणती ते सांगणारच आहे.

"काय मॅडम?" रणधीरभाऊ.

"उत्तम आहे," मी म्हणाले. "थोडी मिटलेली आहे. हवा लागली की खुलेल."

अण्णा म्हणाले, "बाई, नीट हुंगा."

"हुंगली अण्णा."

"चाखून पघा मंग."

चाळीस माणसं बघत होती. मी चाखली, आणि पिकदाणी पुढ्यात असताना थुंकले नाही. गिळली. मग दुसरा घोट, मग तिसरा. मी, जिला दुसऱ्यानं विसळलेला चहाचा कपही चालत नाही, तिनं तो सबंध पेला तळापर्यंत रिकामा केला आणि टेबलावर पालथा ठेवून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णा माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "कायबी लागलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"पोत्याचा वास? बुरशी?"

"नाही अण्णा."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी मला तेव्हा खोटारडी म्हटलं असतं, शिवी दिली असती, पेला माझ्या अंगावर फेकला असता, तर आज मी हे लिहायला बसले नसते. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

"भाऊ," ते रणधीरभाऊंकडे वळून म्हणाले, "बाई म्हणत्यात म्हंजी वाइन चांगलीच असनार. नाक माझं गेलं. माफी करा मंडळी."

मग ते नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले, टोपी सारखी केली आणि मान हलवली. रिवाजाप्रमाणे.

चाळीस पेले ओठांना लागले. अण्णांनी कमरेची तळघराची किल्ली सोडून टेबलावर ठेवली आणि जिना चढून निघून गेले. कोणी त्यांना हाक मारली नाही. मीही नाही. मी मागच्या मोरीत जाऊन ओकले. तोंडात बोटं घालघालून ओकले, तरी तो वास घशातून जाईना. बाहेर जेवणाच्या पंगती मांडायला सुरुवात झाली होती.

आता ती आठवलेली गोष्ट सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे हलक्या प्रतीची बुचं लागली होती. पंच्याण्णवच्या बाटल्या झिरपायला लागल्या. म्हणून मी आले त्याच हिवाळ्यात सगळ्या आठशे बाटल्यांची बुचं बदलायचं ठरलं. जुनं बूच काढायचं, अण्णांनी थेंबभर चाखायचं, कमी झालेली वाइन त्याच शेताच्या, त्याच सालच्या राखीव बाटलीतून पुरी करायची, आणि लगेच नवं बूच ठोकायचं. पोर्तुगालहून नव्या बुचांची पोती आली. अण्णांनी मला बजावलं होतं, "बाई, बुचाला पानी दाखवू नका. जसं आलं तसं कोरडंच बाटलीत जाऊ द्या. ते झाडाची साल हाये, पीत असतं."

काम सुरू व्हायच्या दोन दिवस आधी एक पोतं फाटलं आणि बुचं जमिनीवर सांडली. कामगारांनी ती हातांनी गोळा केली. त्यातल्या एकाची बोटं तंबाखूनं पिवळी झालेली. त्यानं त्याच हातानं नाक पुसलं आणि परत बुचं उचलायला लागला. ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. ही बुचं बाटलीत जाणार? लोकांच्या पोटात? डेअरीत आम्ही कॅन, नळ्या, फरशा, स्वतःचे हातसुद्धा ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवायचो. आठ वर्षं तोच माझा देवधर्म. अण्णा भावाच्या दहाव्याला गावी गेले होते. मी हौद भरून ब्लीचिंगचं पाणी केलं आणि नुसती सांडलेलीच नव्हे, सगळ्या पोत्यांतली बुचं त्यात भिजवली. गच्चीवर वाळवली. पांढरी, लख्ख झाली. मला इतकं बरं वाटलं!

अण्णांना सांगितलं नाही. आल्यावर त्यांनी एक बूच हातात घेऊन विचारलं, "यंदा फार गोरी आली?" मी म्हणाले, "चांगल्या प्रतीची आहेत." ते खूश झाले.

महोत्सवाच्या महिनाभर आधी एका मासिकात मी वाचलं, की ब्लीचिंगमधला क्लोरीन बुचात मुरला आणि त्याला जरा ओल मिळाली, की एक बुरशीसारखा वास तयार होतो. तो वाइनमध्ये उतरतो आणि मग कशानं जात नाही. वाचलं आणि मासिक मिटून ठेवलं. एखादी बाटली उघडून पाहायला हवी होती. पाहिली नाही. सगळंच काही भिनलं नसेल, असं म्हणत महिना ढकलला. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, आणि उजाडलं ते चाळीस माणसांसमोर.

अण्णांना खोटं पाडलं ते असं. त्यांच्या चौदा वर्षांच्या वाइनची मी माती केली होती, आणि ते उघडं पडू नये म्हणून त्यांचं नाक काढून घेतलं.

पुढं काय झालं ते ऐकलंत तर तुम्हालाही मळमळेल. काहीच झालं नाही. आठशेच्या आठशे बाटल्या गेल्या. एकाही बाटलीची तक्रार आली नाही. लोकांनी ती घाण मोठमोठ्या मेजवान्यांत प्यायली, वाढदिवसांना प्यायली, एकमेकांना भेट दिली. चौबळांनी दोन पानं लिहिली. त्यात "अरण्याचा श्वास" असे शब्द होते. रणधीरभाऊंनी ते पान फ्रेम करून तळघरात लावलं.

आणि पुढच्या वर्षीपासून मान मी हलवू लागले. पाहुणे पेले घेऊन उभे, फोटोवाला समोर, आणि मी चाखून मान हलवायची. वाइन तोंडात घेतली की घशात तेच ओलं पोतं उभं राहायचं. ती चांगली आहे की वाईट, मला कळेनासं झालं. तरी मान हलवायचे. तीन वर्षं हलवली. स्वतःची किळस येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. बाकी कशापासूनही दोन हात लांब राहता येतं.

शेवटी राजीनामा दिला आणि त्याच दुपारी अण्णांच्या घरी गेले. घर वायनरीपासून चार किलोमीटरवर. तीन वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. अण्णा घरात चुलीशेजारच्या भिंतीला टेकून बसले होते. वाळले होते. त्यांच्या पत्नी सगुणामावशी चुलीवर डाळ ठेवून मागच्या अंगणात कुरडया वाळत घालत होत्या.

"या, या बाई!" अण्णांना मनापासून आनंद झाला. "तळघर कसंय? पाचखडकची छाटणी वेळेवर होती ना?"

मी बसले. इकडचं तिकडचं काही बोलले नाही. बोलले असते तर धीर सुटला असता. "अण्णा, ती पंच्याण्णवची वाइन नासलेलीच होती. बुचं मी ब्लीचिंगच्या पाण्यात धुतली होती, तुम्ही गावी गेलात तेव्हा. त्याचा वास होता तो. तुमचं नाक बरोबर होतं. मी खोटं बोलले."

अण्णा हसले.

"बाई, लई मोठं मन तुमचं," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून इतक्या लांब आलात."

"अण्णा, खरं सांगतेय! आईची शपथ!"

"शपथ कशाला घेता? मी व्हतो ना तिथं. माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही पुरा पेला प्यायलात. आता तुम्हाला किती किळस, ते सगळ्या वायनरीला ठावं. माझ्या हातचा चहा तुम्ही तीन महिने घेतला नव्हता. आठवतंय का? माणसाच्या हाताची किळस येनारी बाई असली घान गिळंल?"

"गिळली अण्णा. भीतीनं गिळली."

"न्हाई." त्यांनी ठामपणे मान हलवली. आता त्या मानेला कोणी विचारत नव्हतं, तरी अजून तशीच हलत होती. "दुसऱ्या कोनी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. पन तुम्ही गिळलीत, थुंकली नाहीत. नाक माझंच गेलं. चालायचंच. वय झालं."

मी रडायला लागले. बुचांचं पुन्हा सांगितलं, मासिकाचं सांगितलं, हौदाचं सांगितलं. ते "बरं, बरं" म्हणत राहिले, हट्टाला पेटलेल्या नातीची समजूत काढावी तसे. मीही थांबेना. माझंच घोडं पुढं दामटत होते. तेवढ्यात अंगणातून सगुणामावशी धावत आत आल्या आणि पदरानं चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं. घरभर धूर झाला होता.

"अगं बाई, डाळीचा पार कोळसा झाला!" त्या ओरडल्या. "अहो, चुलीशी बसून वास येईना का तुम्हाला?"

"येत व्हता गं," अण्णा म्हणाले. "मघापासनं येत व्हता."

"मंग उठला का नाहीत?"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बाई बसल्यात ना हितं. त्या काही बोलल्या न्हाईत. म्हटलं, नसंल वास."